आयोना बेट आणि संत कोलंबा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे घरोघर प्रवासाच्या गोष्टी निघूं लागतात. नकाशा पुढें पसरून कोठें जावें, काय पाहावें, किती दिवस राहावें, याचा खल चालतो. कोणी थंड हवेच्या ठिकाणाचें नांव घेतो, कोणी तीर्थक्षेत्राचें, कोणी मोठ्या नगरीचें. आणि ज्यांस परदेशीं जाण्याचा योग आला आहे ते राजवाडे, पदार्थसंग्रहालयें व उंच मनोरे यांची यादी करूं लागतात. अशा वाचकांपुढें आम्ही आज एका अगदीं लहान बेटाचें नांव ठेवीत आहों. तें बेट म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेलें आयोना. त्याची लांबी सुमारें ५ किलोमीटर, रुंदी २ किलोमीटरांहून थोडी अधिक, सर्वांत उंच टेकडी अवघी १०१ मीटर, आणि वस्ती पुरती दोनशेंही नाहीं. तरी पण दरवर्षीं हजारों माणसें समुद्र ओलांडून तेथें जातात. तीं कां जातात, व आपल्यापैकीं कोणास स्कॉटलंड पाहण्याची संधि मिळाली तर त्यानें या बेटाकरितां एकदोन दिवस कां राखून ठेवावे, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे. आणि तें सांगतां सांगतां आम्ही एका थोर पुरुषाचें चरित्र सांगणार आहों. कारण त्या पुरुषाला वगळून या बेटाचें वर्णन करतांच येत नाहीं.

स्कॉटलंड देश आपल्या विद्यार्थ्यांस अगदींच परका नाहीं. १८२९ सालीं मुंबईस आलेले व पुढील सारें आयुष्य या देशाच्या सेवेंत वेंचून १८७५ सालीं मुंबईसच दिवंगत झालेले डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश होते, आणि त्यांच्या नांवाचें महाविद्यालय गिरगांवच्या चौपाटीसमोर आजही उभें आहे. अशा विद्वानांना जन्म देणाऱ्या देशांत विद्येचे व धर्माचे पहिले दिवे ज्या थोड्या ठिकाणीं लागले, त्यांत आयोना हें प्रमुख होय. चौदाशें वर्षांपूर्वीं तो दिवा लावणारा मनुष्य मात्र स्कॉटलंडचा नव्हता. तो समुद्रापलीकडून आला होता, आणि मनावर एक मोठें ओझें घेऊन आला होता.

प्रथम वाटेविषयीं दोन शब्द सांगूं. ग्लासगो शहरांतून आगगाडीनें निघालें असतां सुमारें तीन तासांत ओबन हें बंदर लागतें. तेथून बोटीनें पाऊण-एक तासांत मल नांवाच्या मोठ्या बेटावर उतरावयाचें. मग बसगाडीनें सुमारें ६० किलोमीटर प्रवास करावयाचा. हा रस्ता बहुतेक ठिकाणीं एकाच गाडीपुरता रुंद असून डोंगर, ओढे व समुद्राच्या आंत शिरलेल्या खाड्या यांच्या कडेनें वळणें घेत जातो. रस्ता संपतो तेथें फिनफोर्ट नांवाचा धक्का आहे; आणि समोर, दीड-एक किलोमीटर रुंदीच्या सामुद्रधुनीपलीकडे, आयोना दिसूं लागतें. शेवटचा प्रवास अवघ्या दहा मिनिटांचा. परस्थ प्रवाशांस परवान्यावांचून आपली मोटार बेटावर नेतां येत नाहीं. म्हणून पलीकडे उतरतांच बहुतेक सर्वजण पायीं चालूं लागतात, आणि इंजिनांच्या आवाजाची संवय झालेल्या कानांना प्रथमच वारा व पांखरें ऐकूं येतात.

निसर्गशोभा हें येथें येण्याचें पहिलें कारण होय, आणि तें कांहीं लहान कारण नव्हे. बेटाच्या उत्तर टोकास शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरीशुभ्र वाळू आहे. तिच्यावरून उथळ पाणी वाहूं लागलें म्हणजे त्यास पाचूपासून नीलमण्यापर्यंतच्या सर्व छटा येतात. समोर मल बेटाचे गुलाबी खडक असतात. या रंगांच्या मोहानें गेल्या शतकाच्या आरंभीं कॅडेल व पेप्लो हे स्कॉटिश चित्रकार पुन्हां पुन्हां येथें येत असत. पश्चिमेच्या किनाऱ्यावर हिरवळीचें एक विस्तीर्ण मैदान उतरत जाऊन एका उपसागराला मिळतें. त्याच्या गेलिक नांवाचा अर्थ महासागराच्या पाठीमागचा उपसागर असा आहे, आणि तेथें उभें राहिलें असतां पुढें अमेरिका खंडापर्यंत केवळ पाणीच पाणी आहे. आपल्याकडे मे-जून महिन्यांत अंगाची लाही होत असते, त्याच दिवसांत तेथें रानफुलें उमलतात, सूर्य रात्रीं दहापर्यंत मावळत नाहीं, आणि मध्यरात्रींही उत्तरेकडे आकाश पुरतें काळें होत नाहीं.

परंतु पांढरी वाळू व निळें पाणी हीं जगांत इतरत्रही आहेत. आपल्या कोंकणपट्टीसही त्यांची वाण नाहीं. आयोनाचें सौंदर्य पाहून जो परत येईल, पण कोलंबाचें चरित्र जाणणार नाहीं, त्यानें समई पाहिली पण ज्योत पाहिली नाहीं, असेंच म्हणावें लागेल. म्हणून आतां त्या चरित्राकडे वळूं.

कोलंबाचा जन्म इ. स. ५२१ च्या सुमारास आयर्लंडच्या उत्तर भागांत, डॉनेगल प्रांतांतील गार्टन येथें झाला. त्याचें कुळ राजांचें होतें. तो संन्यस्त झाला नसता तर सिंहासनावर हक्क सांगूं शकला असता, असें त्याचे चरित्रकार म्हणतात. लहानपणींच त्यास मठांत विद्याभ्यासासाठीं ठेवण्यांत आलें. त्याच्या लॅटिन नांवाचा अर्थ कबुतर. आणि आयरिश लोक त्यास देउळाचें कबुतर या अर्थाच्या नांवानें ओळखत. दंतकथा सांगते कीं, त्याचें पूर्वींचें नांव कोल्हा या अर्थाचें होतें. कथा खरी असो वा नसो, त्याच्या स्वभावांत कबुतराची कोमलता व राजकुळाचा ताठा हीं दोन्ही एकत्र नांदत होतीं, यांत शंका नाहीं. त्यास ग्रंथांची विलक्षण आवड होती. त्या काळीं छापखाना नव्हता. एक ग्रंथ हवा असेल तर वासराच्या कातड्याच्या पानांवर तो अक्षरशः हातानें उतरून घ्यावा लागे. असा एकेक ग्रंथ म्हणजे मठाचें मोठें धनच असे.

ही आवडच त्याच्या अनर्थास कारण झाली, असें परंपरा सांगते. पुढें कित्येक शतकांनीं लिहिलेल्या चरित्रांत ही कथा आली आहे ती अशी: फिनियन नांवाच्या त्याच्या गुरूजवळ स्तोत्रसंहितेची एक उत्तम प्रत होती. कोलंबानें रात्रीं देवळांत बसून, कोणास न कळवितां, ती उतरून घेतली. गुरूस हें कळतांच त्यानें नक्कल परत मागितली. शिष्यानें दिली नाहीं. तंटा डिअरमिट राजापुढें गेला. वासराची मालकी जशी गाईच्या धन्याकडे, तशी नकलेची मालकी मूळ ग्रंथाच्या धन्याकडे, असा राजानें निवाडा दिला. ग्रंथ उतरण्याचा हक्क कोणाचा, या वादांतील हा जगांतील अगदीं जुन्या निवाड्यांपैकीं एक म्हणून आजचे कायदेपंडितही त्याचा उल्लेख करतात. कोलंबास तो अन्याय वाटला. त्यांत भर म्हणून, त्याच्या आश्रयास आलेल्या एका तरुणास राजाच्या माणसांनीं ओढून नेऊन ठार केलें. तेव्हां त्याचें राजरक्त उसळलें. इ. स. ५६१ मध्यें कूलड्रेव्हनी येथें त्याचे आप्त व राजा यांच्यांत घनघोर लढाई झाली. राजाचा पराभव झाला, आणि परंपरेप्रमाणें तीन हजार माणसें रणांत पडलीं.

लढाईचें मूळ केवळ हें पुस्तक होतें, कीं तिच्या मुळाशीं राजघराण्यांचें जुनें वैर होतें, याविषयीं इतिहासकार सावधपणें बोलतात. वैराचा भाग मोठा असावा असें आम्हांस वाटतें. परंतु लढाई झाली, व तिच्यानंतर धर्मसभेनें कोलंबास दोषी ठरविण्याचा प्रयत्न केला, एवढें खरें आहे. जय त्याच्या पक्षाचा झाला होता. पण त्या जयाचा त्यास आनंद झाला नाहीं. ज्या हातानें पवित्र ग्रंथ उतरला त्याच हाताशीं इतक्या माणसांच्या मृत्यूचा संबंध यावा, हें शल्य त्याच्या उरांत राहिलें. जितके लोक लढाईंत मेले तितक्यांना त्यानें प्रभूच्या मार्गास आणावें, आणि जन्मभूमीचा त्याग करावा, असें प्रायश्चित्त त्यास मिळालें असें सांगतात. इ. स. ५६३ मध्यें, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, बारा सोबत्यांसह त्यानें आयर्लंडचा किनारा सोडला.

त्यांची नाव वेतासारख्या काटक्यांच्या सांगाड्यावर जनावरांचें कातडें ताणून केलेली होती. आपल्याकडे तुंगभद्रेवर कातड्यानें मढविलेल्या टोपलीसारख्या नावा चालत, तिची ही समुद्रावर जाणारी बहीणच म्हणावी. आयोनाच्या दक्षिण टोकास गोट्यांनीं भरलेला एक लहानसा उपसागर आहे, तेथें ही नाव लागली असें लोक मानतात, आणि त्या जागेस नावेचें बंदर या अर्थाचेंच नांव आहे. गांवापासून तेथपर्यंत जातां-येतां अर्धा दिवस मोडतो. वाट खडकाळ व पाणथळ आहे. पण प्रवाशानें तें श्रम अवश्य करावे. लाटांनीं घांसून गुळगुळीत झालेले हिरवे, तांबडे, राखी गोटे पायाखालीं करकरतात, आणि उघड्या सागरांतून ती कातड्याची नाव कशी आली असेल, याची कल्पना येऊन मन थक्क होतें.

या उपसागराच्या पश्चिमेस एक टेकडी आहे. तिच्या नांवाचा अर्थ आयर्लंडकडे पाठ केलेली टेकडी असा आहे. कथा अशी कीं, वाटेंत एका बेटावर कोलंबा उतरला होता. पण तेथून आयर्लंड दिसत होतें, म्हणून तो पुढें निघाला. येथें या टेकडीवर चढून त्यानें दक्षिणेकडे पाहिलें, मायभूमि दिसेनाशी झाली याची खात्री केली, आणि मगच येथें राहण्याचें ठरविलें. ही कथा अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. कारण पुढें कामानिमित्त तो आयर्लंडला गेला होता, असें त्याच्या सर्वांत जुन्या चरित्रावरून दिसतें. तथापि लोकांनीं ती कथा टेकडीस चिकटवून ठेवली, यांत मर्म आहे. जो आपल्या अपराधापासून दूर जाऊं इच्छितो, त्यास अनेकदां आपल्या सर्वांत आवडत्या वस्तूकडे पाठ करावी लागते.

पश्चिम स्कॉटलंडांत त्या वेळीं डॅलरिआडा नांवाचें आयरिश वंशाच्या लोकांचें राज्य होतें. तेथील राजा कॉनल यानें हें बेट कोलंबास दिलें असें आयरिश बखरी सांगतात. येथें त्यानें मठ उभारला. तो दगडी नव्हता. लांकूड, काटक्या व माती यांच्या झोंपड्या, एक लहान देऊळ, एक कोठार, आणि भोंवतालीं मातीचा बांध व खंदक, एवढाच त्याचा थाट. त्या बांधाचे कांहीं भाग आजही हिरवळीखालीं उठून दिसतात. मठवासी शेत नांगरीत, गाई पाळीत, मासे धरीत, ठरलेल्या वेळीं प्रार्थना करीत, आणि उरलेल्या वेळांत ग्रंथ उतरून काढीत. कोलंबा स्वतः मठाधिपति व राजकुळांतला. तरी उघड्या खडकावर निजे व उशास दगड घेई, असें त्याचा चरित्रकार लिहितो.

हा चरित्रकार आडम्नान म्हणून होता. तो आयोनाचा नववा मठाधिपति. कोलंबाच्या मृत्यूनंतर सुमारें शंभर वर्षांनीं त्यानें लॅटिन भाषेंत हें चरित्र लिहिलें. कोलंबा एका उंचवट्यावरील झोंपडींत बसून लिहीत असे, असें त्यानें नमूद केलें आहे. आजच्या मठासमोर एक लहानशी खडकाळ टेकडी आहे, तीच ती जागा असें बेटावरचे लोक परंपरेनें सांगत आले. १९५७ सालीं चार्ल्स थॉमस या पुराणवस्तुसंशोधकानें तेथें खोदकाम केलें, तेव्हां जळालेल्या लांकडाचे कोळसे सांपडले. त्या काळीं त्यांचें वय ठरविण्याचें साधन पुरेसें विश्वसनीय नव्हतें; म्हणून त्यानें ते आगपेट्यांत घालून जपून ठेवले. साठ वर्षांनीं, २०१७ सालीं, ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्यांची परीक्षा करून निष्कर्ष जाहीर केला कीं, ते इ. स. ५४० ते ६५० या काळांतले आहेत. म्हणजे कोलंबाच्या हयातींत त्या टेकडीवर झोंपडी असणें अगदीं शक्य आहे. परंपरेची साक्ष व शास्त्राची साक्ष अशा रीतीनें एकत्र येण्याचे प्रसंग इतिहासांत फार थोडे. ती टेकडी चढावयास दोन मिनिटेंही लागत नाहींत. पण तेथें उभें राहिल्यावर मनुष्य लवकर खालीं उतरत नाहीं.

पश्चिम किनाऱ्यावर फिरतांना आडम्नानानें सांगितलेली एक गोष्ट आठवावी. एके दिवशीं कोलंबानें एका मठबंधूस बोलावून सांगितलें कीं, आजपासून तिसऱ्या दिवशीं तूं पश्चिमेच्या तीरावर जाऊन बस. वाऱ्यानें झोडपलेला व थकलेला एक क्रौंच पक्षी आयर्लंडकडून येईल व तुझ्या पायांपाशीं पडेल. त्यास उचलून जवळच्या घरांत ने, तीन दिवस त्यास खाऊं घाल, व मग जाऊं दे. कारण तो आमच्या देशांतला आहे. तसेंच घडलें. पक्षी आला, पाहुणचार घेऊन ताजातवाना झाला, आकाशांत उंच चढला, क्षणभर दिशा पाहिली, आणि सरळ आयर्लंडकडे निघून गेला. मायभूमीकडे पाठ फिरविणाऱ्या या कठोर पुरुषाच्या अंतःकरणांत तिच्याविषयींचें प्रेम किती ओलें होतें, हें या एका गोष्टीवरून कळतें.

मठ स्थिर झाल्यावर कोलंबा डोंगरांपलीकडे, आजच्या इन्व्हर्नेस शहराच्या बाजूस, पिक्ट लोकांचा राजा ब्रूड याच्या भेटीस गेला. भाषा निराळी, धर्म निराळा, आणि वाट अरण्यांची व सरोवरांची. याच प्रवासांत नेस नदींत एका भयंकर जलचरास त्यानें मागें हटविलें, अशी कथा आडम्नानानें दिली आहे. राजानें त्यास मान दिला, आणि त्या उत्तरेकडील मुलुखांत आयोनाच्या मठवासीयांना फिरण्याची वाट मोकळी झाली. पुढें इ. स. ५७४ मध्यें डॅलरिआडाचा नवा राजा आयडन यास कोलंबानेंच आयोना येथें राज्यावर बसविलें. एके काळीं राजाविरुद्ध लढाई पेटविण्यास कारण झालेला मनुष्य आतां राजांमध्यें सलोखा घडविणारा झाला. त्याचा करारी स्वभाव पुरता निमाला होता असें नव्हे. चरित्रांत त्याच्या रागाचेही प्रसंग आहेत. परंतु तो करारीपणा आतां स्वतःच्या हक्कासाठीं खर्च होत नसे. दुबळ्यांस लुबाडणाऱ्यांवर तो पडत असे.

इ. स. ५९७ च्या जून महिन्यांत त्याचा अंतकाळ जवळ आला. वय शहात्तरच्या घरांत होतें. आदल्या दिवशीं तो कोठारांत गेला, आणि धान्याच्या दोन राशी पाहून आपल्या मुलांना वर्षभर पुरेल एवढें आहे याचें समाधान पावला. परत येतांना थकून वाटेच्या कडेस बसला असतां, मठांत दुधाच्या घागरी वाहणारा पांढरा घोडा त्याच्यापाशीं आला व त्याच्या छातीवर डोकें ठेवून आंसवें गाळूं लागला. सेवक त्यास हांकलूं लागला. कोलंबानें त्यास तसें करूं दिलें नाहीं. नंतर लहानशा टेकडीवर चढून त्यानें मठास आशीर्वाद दिला, आणि झोंपडींत येऊन तो लिहावयास बसला. लिहीत होता तो ग्रंथ कोणता? तीच स्तोत्रसंहिता. चौतिसाव्या स्तोत्राच्या मध्यापर्यंत येऊन, पान संपतें तेथें तो थांबला, आणि पुढचें बेथीननें लिहावें असें सांगून त्यानें लेखणी खालीं ठेवली. मध्यरात्रीच्या प्रार्थनेची घंटा होतांच तो सर्वांच्या आधीं देवळांत धांवला, आणि वेदीपुढें, शिष्यांच्या हातांवर, ९ जून रोजीं त्यानें देह ठेवला. बेथीन हाच पुढें मठाधिपति झाला.

या शेवटच्या प्रसंगाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. तारुण्यांत त्यानें जी स्तोत्रसंहिता उतरली ती माझी म्हणून हट्टानें धरून ठेवली, आणि रक्ताचे पाट वाहिले. म्हातारपणीं तोच ग्रंथ उतरतांना तो अर्धा ठेवून त्यानें दुसऱ्याच्या स्वाधीन केला. या दोन प्रतींच्या मध्यें जीं चौतीस वर्षें गेलीं तीं सर्व या बेटावरचीं होत. आयोनाची यात्रा करावयाची ती या चौतीस वर्षांची.

त्याच्यामागें दिवा विझला नाहीं. इ. स. ६३५ मध्यें नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्वल्ड याच्या बोलावण्यावरून एडन नांवाचा मठवासी आयोनाहून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिंडिस्फार्न येथें गेला, आणि तेथें दुसरें विद्यापीठच उभें राहिलें. कोलंबाच्या मृत्यूस बरोबर शंभर वर्षें झालीं तेव्हां, इ. स. ६९७ मध्यें, आडम्नानानें आयर्लंडांतील बर येथें राजे व धर्माधिकारी जमवून एक कायदा मान्य करून घेतला. युद्धांत स्त्रिया, मुलें व धर्मसेवक यांस कोणी मारूं नये, असा तो कायदा होता. ज्या मठाचा पाया एका लढाईच्या पश्चात्तापांत घातला गेला, त्याच मठांतून निरपराध्यांस अभय देणारा कायदा निघावा, याहून अधिक समर्पक स्मारक कोणतें असूं शकेल? तसेंच, केल्सचा ग्रंथ म्हणून जें अप्रतिम सचित्र हस्तलिखित डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत आहे, तें इ. स. ८०० च्या सुमारास आयोनासच सुरू झालें असावें, असें बहुतेक पंडित मानतात.

पुढें उत्तरेकडील चांचे आले. इ. स. ७९५ मध्यें त्यांनीं बेट प्रथम लुटलें. ८०६ मध्यें एकाच हल्ल्यांत ६८ जणांचे प्राण घेतले. पुष्कळ मठवासी आयर्लंडांत केल्स येथें गेले; तरी बेट अजिबात ओस पडलें नाहीं. १२०० च्या सुमारास येथें दगडी मठ व शेजारीं गुलाबी दगडांचा जोगिणींचा मठ बांधला गेला. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर दोन्ही मोडकळीस आले. १८९९ सालीं अर्गाइलच्या ड्यूकनें मठाचे अवशेष एका विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केले, आणि देवळाची डागडुजी झाली. १९३८ सालीं जॉर्ज मॅक्लाउड या ग्लासगोच्या धर्मोपदेशकानें एक नवीनच प्रयोग केला. त्या शहरांत गोद्यांवरील काम बसून हजारों कारागीर रिकामे झाले होते. त्यांपैकीं कांहीं गवंडी व सुतार, आणि त्यांच्याबरोबर कांहीं तरुण धर्मोपदेशक यांस घेऊन तो बेटावर आला, आणि दोघांकडून खांद्यास खांदा लावून मठाच्या पडक्या इमारती पुन्हां उभ्या करविल्या. तें काम १९६५ सालीं पुरें झालें. आज प्रवाशास जो मठ दिसतो त्याच्या भिंतींत असे अनेक काळांचे हात एकत्र आले आहेत. मठापुढें संत मार्टिनचा दगडी क्रूस आठव्या शतकापासून आपल्या मूळच्या जागीं ऊन-पाऊस सोशीत उभा आहे. आणि शेजारच्या दफनभूमींत स्कॉटलंडच्या अठ्ठेचाळीस राजांना पुरलें आहे अशी जुनी समजूत आहे. राजकुळ सोडून आलेल्या संन्याशाच्या पायांपाशीं राजांनीं शेवटची जागा मागावी, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

हवा चांगली असल्यास आयोनाहून लहान बोटीनें स्टाफा बेटास जावें. तेथें काळ्या दगडाच्या पैलूदार खांबांची फिंगलची गुहा आहे. १८२९ सालीं ती पाहून मेंडेल्सन या जर्मन संगीतकारानें एक प्रसिद्ध वाद्यरचना केली. मुंबईकर वाचकांस अशा खांबांचें नवल वाटूं नये. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे खांबही तशाच रीतीनें, तप्त शिलारस निवून तडकल्यामुळें, झालेले आहेत.

शेवटीं एक व्यावहारिक सूचना. पुष्कळ प्रवासी सकाळच्या बोटीनें येतात, मठ पाहतात, आणि दुपारीं परत जातात. तसें करूं नये. एक रात्र तरी राहावें. मात्र जागेची सोय आधींच करून ठेवावी, कारण बेट लहान आहे. पाऊस केव्हां येईल याचा नेम नाहीं, वारा तर नित्याचाच. म्हणून गरम कपडे व भक्कम पादत्राणें असावीं. शेवटची बोट गेली म्हणजे बेट शांत होतें. अशा वेळीं त्या लिहिण्याच्या टेकडीवर जावें, किंवा १०१ मीटरांच्या टेकडीचा माथा गांठून चोहोंकडचीं बेटें पाहावीं.

मनुष्याच्या हातून अपराध घडतो, कधीं कधीं फार मोठा घडतो, आणि झालेलें पुसून टाकतां येत नाहीं. कूलड्रेव्हनीच्या रणांत पडलेला एकही मनुष्य कोलंबास परत आणतां आला नाहीं. परंतु उरलेलें आयुष्य त्याच्या हातीं होतें. तें त्यानें या तीन मैलांच्या खडकावर शेत नांगरीत, थकलेल्या पांखरास आसरा देत, अनोळखी लोकांची भाषा व मनें जाणून घेत, आणि उतरलेला ग्रंथ दुसऱ्याच्या हातीं ठेवीत घालविलें. सुटींतला प्रवास शरीरास विश्रांति व डोळ्यांस आनंद देतो. क्वचित् एखादें स्थळ आपल्या पुढील कामासही बळ देतें. आयोना हें तशा स्थळांपैकीं एक आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस पुढेंमागें तिकडे जाण्याचा योग येईल, त्यांनीं तेथील सुंदर सूर्यास्त अवश्य पाहावा. आणि परत येतांना आपल्या हातीं उरलेल्या वर्षांचा विचार करीत यावें.